कुहीच्या फौजेचे डोळे

जरीपटका, नागपूर
सोमवार, १२ जानेवारी

तीर्थस्वरूप नागसेनदादा,

पुण्याच्या दिशेनं तोंड करून धाकट्या बहिणीचा सविनय जयभीम. इकडे मी, लेक दीक्षा आणि तुझे मेहुणे जितेंद्रराव खुशाल आहोत. तुझी खुशाली मात्र विचारावी कुणाला? फोन तू चार महिन्यांपासून उचलत नाहीस. घंटी वाजते, वाजते, थकते, आणि मग तुझ्या सुनेचा, पायलचा, मेसेज येतो की 'आत्या, बाबा आराम करत आहेत.' (जो माणूस नोकरीत असताना रविवारीसुद्धा पाचला उठून अंगण झाडायचा, तो सलग चार महिने आराम करतो, हे मी कुणाला सांगितलं तर लोक मलाच दवाखान्यात नेतील.) म्हणून हे पत्र. पत्राला घंटी नसते आणि ते उशाशी मुकाट्यानं पडून राहतं. सोबत एक डबी आहे. पत्र संपेपर्यंत ती उघडायची नाही. (उघडलीच असशील. माझ्या वाटचा गूळही तू असाच 'फक्त पाहून' ठेवायचास.)

तर विशेष असं की मी लढाईत पडले आहे. घाबरू नकोस, शेजारच्या बाईशी नाही, ते प्रकरण मिटलं. मला रिटायर होऊन दोन वर्षं होत आली. पहिलं वर्ष मी घर आवरलं, दुसऱ्या वर्षी जितेंद्ररावांना आवरायला घेतलं, तेव्हा दीक्षा घाबरली आणि एक खोकं घेऊन आली. खोक्यात प्लॅस्टिकचे चाळीस शिपाई, दीड बोटाएवढे, तेही तुकड्या-तुकड्यांत. हात वेगळे, मुंडकी वेगळी, बंदुका वेगळ्या. ते चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग टेबलावर मैदान मांडून दुसऱ्याच्या फौजेशी फासे टाकून लढायचं, असा हा शौक. मोठमोठे कमावते लोक करतात म्हणे. मी म्हटलं, अगं पोरी, हा शौक मी सात वर्षांची असताना सोडला. दीक्षा म्हणाली, आई, तू फक्त हात तर लाव. लावला. तेव्हापासून जेवणाचं टेबल फौजेच्या ताब्यात आहे आणि जितेंद्रराव ताट मांडीवर घेऊन जेवतात. एकदा मी शिपायांच्या कपड्यांच्या चुण्यांत सोडायला तपकिरी रंग पाण्यात कालवून कपात ठेवला होता. हे आले, कप उचलला, अर्धा प्यायले आणि म्हणाले, "अवं माया, आज काळा चहा मस्त जमला. जरासा कडू आहे, पण अंगात ताकद येऊन राहिली." मी बाटलीवरचं 'बिनविषारी' तीनदा वाचलं आणि कप धुऊन टाकला. (अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. परवा ते 'तसाच कर' म्हणून मागत होते.)

खोक्यावरच्या चित्रात हे शिपाई गोरेपान आणि लाल कोटातले होते. मला काही ते बघवेना. आपण आयुष्यात लाल कोटाचा माणूस पाहिला तो फक्त लग्नाच्या बँडमध्ये. मी सगळ्यांना आपल्या गावचा रंग दिला, उन्हात धानाची रोवणी करणाऱ्याचा असतो तो. कोट पांढरे केले, डोक्याला दुपट्टे दिले. आणि एकेक चेहरा तयार व्हायला लागला तसतशी मला माणसं ओळखू यायला लागली. जाड्या मानेचा तो ढिवर काका, तळ्यातले झिंगे द्यायचा. पोट सुटलेला तो आपला पोस्टमन. एकाची बंदूक चिकटवताना मधोमध मोडली, तर उरलेल्या दांड्याला मी काळी छत्री करून दिली. करून झाल्यावर त्याला हातात धरला. ताठ मान, बगलेत छत्री, एक पाय पुढे. दादा, ते बाबा होते. कुहीच्या शाळेत निघालेले देवराव मास्तर. त्यांना मी सेनापती केलं. (जिवंतपणी त्यांचं ऐकणारे आपण दोघं, शाळेची पोरं आणि माय. पैकी माय ऐकत नव्हती.)

ही फौज घेऊन दीक्षानं मला वाडीला नेलं. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या एका गोदामावर खोली आहे, तिथे दर रविवारी सकाळी या शौकाचे दहाबारा जण जमतात. एका रविवारी इतिहासातल्या खऱ्या लढाया, दुसऱ्या रविवारी राक्षस, जादूगार, उडते साप, काय वाट्टेल ते. सेक्रेटरी उन्मेष नावाचा, बँकेत अधिकारी आहे, फार व्यवस्थित. त्याच्या राक्षसांच्या दातांनासुद्धा तीन-तीन छटा. त्यानं माझ्या हातात फासे दिले. मी म्हटलं, नको, माझे आहेत, आणि पर्समधून पाच फोडलेले चिंचोके काढले. मी समजावून सांगितलं: पांढरी बाजू वर आली तर मार, काळी आली तर हुकला. उन्मेषनं मोबाइलवर अर्धा तास हिशेब करून जाहीर केलं की चिंचोका पांढरा जास्त पडतो, हे काही बरोबर नाही. मी म्हटलं, तुम्हीही घ्या की, चिंचा काय माझ्या एकटीच्या आहेत? त्यानं मोबाइल खिशात घातला.

खरी गंमत पुढे झाली. खालून माल भरलेला ट्रक गेला की ती खोली अशी हादरते की टेबलावरचे शिपाई आडवे होतात. त्यांच्यात पद्धत अशी की ट्रकनं पडला तो परत उभा करायचा. त्या दिवशी ट्रक गेला आणि उन्मेषचा सगळ्यात मोठा राक्षस, ज्याच्यापायी माझे अकरा शिपाई गेले होते, तो तोंडावर पडला. उन्मेष उचलायला गेला. मी म्हटलं, हात लावायचा नाही, मेला तो. "काकू, असं थोडी असते! ट्रकनं पाडला ना, तुम्ही कुठं पाडला?" मग मी त्यांना तुझा नियम सांगितला. लहानपणी आपल्या मैदानात माझ्या मातीच्या शिपायांवरून इंदूबाईची, म्हणजे आपल्या मायची, कोंबडी चालत गेली होती, आणि मी रडायला लागले, तेव्हा तू मोठ्या न्यायाधीशासारखं तोंड करून म्हणाला होतास की कोंबडीनं पाडला तो मेला, कारण कोंबडीवर कोणत्याच राजाचा हुकूम चालत नाही. (पुढच्याच आठवड्यात तिनं तुझी अर्धी पलटण तुडवली आणि तू नियम बदलला नाहीस, हेही मी सांगितलं. तुझी बाजू पडू दिली नाही.) चर्चा झाली, हात वर झाले, आणि माझ्या बाजूनं सात! आता तो त्यांच्या वहीत लिहिलेला आहे: 'नागसेन नियम'. वाडीत ट्रकांना काय तोटा? ट्रक गेला की दहाबारा माणसं टेबल धरून एकदम ओरडतात, "नागसेन!" खालचा चौकीदार एकदा वर विचारायला आला की हे नागसेनसाहेब आहेत कोण. तू चार महिने खोलीबाहेर आला नाहीस, आणि इथे दर रविवारी सकाळी तुझ्या नावानं बोंब आहे.

आता अडचण सांगते. येत्या ८ फेब्रुवारीच्या रविवारी वर्षाची मोठी लढाई आहे, आणि तिला फौज पूर्ण रंगलेली लागते. अर्धवट रंगलेला शिपाई मैदानात येणार नाही, याबाबतीत उन्मेष फार कडक. माझ्या फौजेचं सगळं झालं आहे, बुटांच्या नाड्यासुद्धा, पण डोळे नाहीत. एकालाही नाहीत. चाळीस जण, कोरे चेहरे. उन्मेषनं भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, काकू, हे अर्धे रंगलेले धरावे लागतील. मी म्हटलं, झोपलेत ते, थंडी आहे. जितेंद्ररावांनी सुचवलं की साऱ्यांना काळे चष्मे घाल. चार जणांना घालून पाहिले, तर मोतीबिंदूच्या शिबिरातून सुटलेली पलटण दिसायला लागली. मग एकदा दार लावून मी स्वतः ब्रश घेतला, सगळ्यात बारीक, आणि पोस्टमनच्या चेहऱ्याजवळ नेला. हात चांगला स्थिर होता. पण टेकवला नाही. टेकवताच येईना.

कारण तुला ठाऊक आहे. बोडीची, त्या गावतळ्याची, काळी माती मी आणायची, शिपाई तू वळायचास, टिनावर वाळवायचे. चुना, हळद, नीळ, तव्याची काजळी, हे रंग माझ्याकडे. पण डोळे दादानंच काढायचे. बाभळीचा काटा काजळीत बुडवून तू श्वास रोखायचास, मलाही रोखायला लावायचास (एकदा मी निळी पडले होते, आठवतं?), आणि ठिपका टेकला की हळूच म्हणायचास, "जागा झाला." त्याआधी त्याला मैदानात नेण्याची माझी हिंमत नव्हती. आपल्या घरी पोळा नव्हता, बाबांनी धम्मदीक्षेनंतर ते सगळं सोडलं होतं, पण पोळ्याला गावची पोरं लाकडी बैल फिरवायची म्हणून सुतारकाकांनी आपल्यालाही एक दिलाच. बाबांनी विचारलं, हा काहून आणला घरात? तू छाती काढून सांगितलंस की हा पोळ्याचा नाही, सैन्यात भरती झालेला बैल आहे, तोफ ओढते. बाबा छत्री तोंडापुढे धरून हसले होते. त्या बैलाचेसुद्धा डोळे तूच काढलेस. धान कापून झालेल्या बांधीत आपण दुपारभर लढायचो, धुऱ्याआड लपायचो, आणि माय हाका मारून दमायची. आता त्या बांधीवर कुणाचं तरी मंगल कार्यालय आहे. दादा, मला त्या दुपारची फार आठवण येते. तुझी तर येतेच, पण ते तोंडावर सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास.

आणि खरं सांगायचं तर डोळे तुला कधीच धड जमले नाहीत. एक वर, एक खाली, एक नाकाला लागून. मी हसले की चिडून म्हणायचास, "अवं पगली, एक डोळा दुश्मनावर, एक घरावर. असाच शिपाई घरी वापस येते." मी तेव्हाही विश्वास ठेवला होता आणि आजही ठेवते, एकसष्टाव्या वर्षी, पेन्शनर असून.

असो. पत्र फार लांबलं. मला काही नको आहे, फक्त खुशाली कळव. पायलला आणि तुझ्या लेकाला, संघपालला, आशीर्वाद. वेळेवर जेव.

तुझी धाकटी,
माया

ता. क. काही नको हे खोटं आहे. वाडीतल्या लोकांना मी सांगून बसले आहे की आमच्या फौजेच्या डोळ्यांचा कारागीर पुण्याहून येतो, आणि नियमवाला नागसेन तोच. सगळे वाट पाहत आहेत. उन्मेष तर म्हणाला, सरांना स्टेशनवर घ्यायला मीच जाईन. तारीख ८ फेब्रुवारी. त्याआधी चार दिवस तरी ये, चाळीस जणांचे ऐंशी डोळे आहेत.

ता. क. २. आता शुद्ध लिहिणं जमत नाही. दादा, तुझा हात थरथरते, हे मले माहीत आहे. पायलनं सांगितलं. चहाचा कप सांडला, लोकांनी पाहिलं, तेव्हापासून तू खोलीतच बसून राहिला, हेही सांगितलं. तिच्यावर रागावू नको, मीच खोदून विचारलं. तू म्हणशील, अशा हातानं डोळे वाकडे येतील. सरळ कधी आले होते गा?

ता. क. ३. डबी उघड आता. कापसात बाबा आहेत, छत्री घेऊन. त्यायले अजून डोळे नाहीत, म्हणून तुले पाहू शकत नाहीत. आधी त्यायलेच जागं कर. अन् पोस्टानं वापस पाठवू नको, म्हातारा माणूस आहे. तूच सोबत घेऊन ये.