शून्य पातळीचा नमुना

१ सप्टेंबर, सोमवार

आज रुजू झाले. प्राचार्य स्वतः जिना चढून मला खोलीपर्यंत सोडायला आले. दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती, तरी उत्तरे तपासण्यावरच्या माझ्या मार्गदर्शिकेची स्तुती काही थांबली नाही. खोली प्रशस्त आहे. पश्चिमेला दोन खिडक्या, त्यांना राखाडी पडदे, एक जड लाकडी मेज, त्याला तीन खण, आणि भिंतीवर चालू स्थितीतले घड्याळ. चालू असल्याची नोंद मी मुद्दाम करते. शिक्षणसंस्थांत हा योग दुर्मीळ.

काम सहा आठवड्यांचे आहे. महाविद्यालयात नऊ विभाग. आपल्या विद्यार्थ्यांना काय यायला हवे, हे प्रत्येक विभागाने लिहून ठेवले आहे. ते त्यांना खरोखर आले का, हे विभाग कसे तपासतो, ते मी तपासायचे. त्यासाठी प्रत्येक विभाग मला तीन उत्तरे पाठवेल: एक उत्तम, एक मध्यम, एक निकृष्ट. मी त्यांना चार ते शून्य अशी पातळी देईन आणि विभागाने दिलेल्या गुणांशी ताडून पाहीन.

मार्गदर्शिकेच्या चौथ्या आवृत्तीची मुद्रिते, म्हणजे छपाईआधी शेवटची तपासायची पाने, सोबत आणली आहेत. ती १२ तारखेला दुपारी चार वाजता प्रकाशकाकडे रवाना व्हायची आहेत. त्यांत दुरुस्तीला फारसा वाव राहिलेला नाही, हे नम्रपणे नमूद करते.

धाकट्या बहिणीचा फोन आला. ताई, गेल्या गेल्या भिंतींना गुण देत बसू नकोस, म्हणाली. मी तोवर दोन दिले होते. ओल आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

कार्यशाळा उत्तम झाली. नऊ विभागांचे छत्तीस प्राध्यापक हजर होते. सर्वांची मोजपट्टी एक व्हावी म्हणून आम्ही अशा वेळी एकच उत्तर सर्वांना वाचायला देतो, ज्याने त्याने पातळी ठरवायची, मग चर्चा. मी नेहमीप्रमाणे पान ४१ घेतले, म्हणजे माझ्या मार्गदर्शिकेतला शून्य पातळीचा नमुना. आठ वर्षांपूर्वी ठिकठिकाणच्या महाविद्यालयांकडून मागवलेल्या गठ्ठ्यांत ते पान मिळाले होते. कोणाचे, कुठले, हे मी टिपून ठेवले नव्हते; नावे खोडलेलीच येत.

ते मी मोठ्याने वाचते, योग्य तिथे थांबत:

‘आता काठ. काठ म्हणजे ते. ते असतं ना, कडेला, ते. ते हलतं. मला माहीत आहे. ते माझ्या समोर आहे. त्याला फक्त म्हणतात’

इथे पान संपते. मग मी म्हणते, लिहिणाऱ्याला सगळे माहीत आहे, फक्त उत्तर तेवढे माहीत नाही. आजही सभागृह हसून हसून लोटपोट झाले. इतिहासाच्या एका गृहस्थांनी तर डोळे पुसले.

प्रती वाटणाऱ्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना इथे सगळे झेरॉक्सबाई म्हणतात. जुनी कागदपत्रेही त्याच सांभाळतात. त्या हसल्या नाहीत. त्यांना समजले नसावे, असे मला वाटले. प्रतींचा डावा समास कापला गेला आहे, हे मी हशा चालू असतानाच सर्वांसमक्ष त्यांच्या नजरेस आणून दिले. चुकलंच मॅडम, म्हणाल्या. सात वर्षं दर कार्यशाळेला हे पान काढतेय, कधी कापला नव्हता. आज हात हलला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

विभागांची पाकिटे येऊ लागली. भाषा विभागाच्या पाकिटात निकृष्ट उत्तर म्हणून पान ४१ घातलेले निघाले. मला हा वात्रटपणा वाटला. विभागप्रमुखांना कडक शब्दांत चिठ्ठी लिहिली. दुपारी भौतिकशास्त्राचे पाकीट उघडले. त्यातही तेच. गणिताच्याही.

तिन्ही प्रमुखांना बोलावून घेतले. भौतिकशास्त्राचे प्रमुख भडकलेच. अहो बाई, आमच्या पोरांना काठ कशाला विचारू आम्ही, आमची काय होडी चालते का, असे तोंडावर म्हणाले. तिघेही कानांवर हात ठेवतात. पाकिटे तर मीच फोडली. लाखेच्या मोहरा शाबूत होत्या.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ही पाने छापील नाहीत, झेरॉक्सही नाहीत. उलटी करून बोट फिरवले की पेनाचा दाब लागतो. तिन्हींना. एकाच पानाच्या तीन मूळ प्रती असू शकत नाहीत.

८ सप्टेंबर, सोमवार

हे लिहिणे मला जड जात आहे; तरी नीट लिहीन.

भूगोलाच्या प्रमुखांनी पान पाहताच सांगितले की प्रश्न त्यांच्याच विभागाचा आहे, आठ वर्षांपूर्वीचा: नदीचे पात्र जागा का बदलते? मी मूळ उत्तरपत्रिका पाहायला तळघरातल्या कागदपत्रांच्या खोलीत गेले. झेरॉक्सबाईंनी एकही कपाट उघडले नाही. आपल्या टेबलाच्या खणातून ती काढली आणि पदराने पुसून माझ्यापुढे ठेवली.

अकरा पाने होती. बारावे फाडून काढलेले.

पहिल्या पानावर हे वाक्य आहे: ‘नदी बाहेरचा काठ खाते आणि त्यातलेच काही खाली जाऊन आतल्या काठावर ठेवते, म्हणून ती फार रुंद होत नाही, सरकते.’ पंचवीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने असे वाक्य लिहिलेले नाही. मीही नाही. दहा पानांना मी डोळे मिटून चार दिले असते. अकराव्या पानाच्या मध्यावर अक्षर उतरणीला लागते. ओळी उजवीकडे कलतात. एक शब्द गळतो, मग दुसरा.

बाई आवाज न चढवता बोलत होत्या. ही पाने लिहिणारी त्यांची मुलगी. पेपर लिहिता लिहिता तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. तिने हात वर केला होता. पर्यवेक्षकांना वाटले, पुरवणी हवी आहे. त्यांनी पुरवणी दिली. पोरीने त्या पुरवणीवरही लिहिलं हो, म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी ती गेली.

ती पुरवणी, ते बारावे पान, म्हणजे माझे पान ४१. ते एकटेच माझ्याकडे का आले, हे मला विचारावे लागले नाही. नमुने मागवताना काढलेले माझे परिपत्रक मला तोंडपाठ आहे: निकृष्ट उत्तराचे केवळ एक पान पाठवावे, पूर्ण उत्तरपत्रिका पाठवू नये. माझा वाचण्याचा वेळ वाचावा म्हणून. त्या एका पानाखाली मी छापले, ‘विचाराचा संपूर्ण अभाव.’

मग तुम्ही दरवर्षी प्रती का काढता, एवढेच मी विचारू शकले. त्या म्हणाल्या, तिच्या हातचं शेवटचं तेवढंच आहे मॅडम. वर्षातून एकदा चाळीस वेळा हातात येतं. लोक हसतात तेव्हा मी बाहेर जाते. परवा जाता आलं नाही, तुम्ही समासाचं बोलत होता.

त्यांनी एकच मागणे केले. नव्या आवृत्तीतून ते पान काढा. नाहीतर त्याखाली एक ओळ घाला, की याआधी तिने अकरा पाने लिहिली होती.

मी म्हणाले, बघते.

९ सप्टेंबर, मंगळवार

प्रकाशकाला कळवलेले नाही. एक पान काढले तर कारण द्यावे लागेल, आणि कारण दिले तर उरलेल्या साठ नमुन्यांचे काय? त्यांचीही मी एकेकच पाने वाचली आहेत. माझ्या मोजपट्टीवर किती महाविद्यालये चालतात! हा युक्तिवाद मी सकाळपासून चार वेळा मांडला. चारही वेळा तो निर्दोष होता आणि चारही वेळा मला आरशात पाहवले नाही.

बहिणीला फोन केला, विषय न सांगता. चूक कबूल करणे इतके अवघड का असावे, असे मोघम विचारले. तिने हसून विचारले, ताई, तू जन्मात कधी कोणाला चुकलं म्हणालीयेस का? तुझी चूक असली तरी दप्तर माझंच तपासलं जायचं. मी फोन ठेवला. कान तापले होते.

दुपारी उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून उठले आणि खिडकीला जे लावतात, कापडाचे, ते ओढून घेतले. त्याचे नाव आत्ता आठवत नाही. दगदग फार झाली.

१० सप्टेंबर, बुधवार

नवव्या विभागाचे पाकीट आले. नऊही पाकिटांत ते पान आहे. मी ती नऊ पाने मेजाच्या सर्वांत खालच्या खणात ठेवून कुलूप घातले. जेवून परतले तर ती मेजावर, एकावर एक, कडा जुळवून. मी ठेवते तशाच.

प्राचार्यांच्या बैठकीत अहवाल सादर करायचा होता. तिसऱ्या वाक्यात मी थांबले. मुले ज्यात लिहितात, शिवलेले असते, वर क्रमांक असतो, ते. मी म्हणाले, ते असते ना, ते. इतिहासाचे गृहस्थ हसले. मग बाकीचेही हसले. त्यांना वाटले, मी पान ४१ ची नक्कल करते आहे. दाद मिळाली.

घरी येऊन हे सहा ओळींचे लिहायला एक तास लागला. पातळी दोन.

११ सप्टेंबर, गुरुवार

ती पाने आज पुन्हा पाहिली. सर्वांत वरच्या पानावरचे अक्षर तिचे नाही. माझे आहे. माझा ‘ह’, माझी वेलांटी. मी हे लिहिलेले नाही—

भिंतीवर जे असते, गोल, टिकटिकते, ते चार दाखवत होते. मग पुन्हा चार.

उद्या कळवीन. नक्की. खाली बाईंना सांगायला गेले. तोंड उघडले आणि— नुसती उभी राहिले. बाई म्हणाल्या, असू दे मॅडम, बसा. पाणी दिले. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढे साधे वाक्य. चुकले. एवढेच. ते नेमके तोंडातून गेले आहे. ते मी कधी वापरले नाही म्हणून का—

पातळी एक.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळ. ते छापलेले माझ्या समोर. पान ४१ उघडे. खाली ती ओळ लिहायची. याआधी तिने. याआधी तिने किती—

दुपार. मला ती ओळ माहीत आहे. बाईंनी सांगितलेली. शब्द जातात, पण काठाला— नदी खाते आणि ठेवते. माझे खाते. ठेवते कुठे—

पावणेचार. बाई आल्या, ते न्यायला. टपालाला. मी मान हलवली, नेऊ नका. त्यांना कळले नाही. मला बोलायचे होते, तुमची मुलगी, तिने, मी वाचले नाही, मी. तोंडातून ते ते ते.

मी हात वर केला.

बाईंनी पाहिले. राग नव्हता. खणातून कोरा कागद काढला, माझ्यापुढे ठेवला. पुरवणी.

मी लिहिते आहे. त्यांच्या हाती द्यायचं आहे. हसू नका. तिने आधी. खूप. सगळी चांगली. मी एकच. माझं हे. हे असतं ना, आत, जळतं, तोंड लपवावंसं वाटतं, ते. मला माहीत आहे. ते माझ्या समोर आहे. त्याला फक्त म्हणतात