फाइलीत तुह्या आईचं नाव नाई

चिरंजीव हेमराज यास डोमाकाका आणि देवका काकू यांचे तोंडभरून आशीर्वाद. तुझी पाठ, तुझे डोळे आणि ज्या चाकांच्या खुर्चीत बसून तू दिवसभर ढगातले काम करतोस ती खुर्ची, ही तिन्ही ठणठणीत असावीत अशी महाकालीच्या पायी प्रार्थना. इकडे धानाचे रोवणे आटोपले, पीक बरे आहे, तुझ्या काकूचा गुडघा धरला आहे पण तोंड मोकळे आहे. (इथपर्यंतचं शुद्ध मराठी काकूनं पुढं बसून लिहून घेतलं. आता ती भाजी निवडाले गेली, तं मी बोलतो तसाच लिहितो.) फोन काऊन नाई केला म्हणशील, तं फोनवर दोन वाक्यं झाली की तू मीटिंगमधे जातं. कागद मीटिंगमधे जात नाई. चिमूरच्या ट्रॅव्हल्सवाल्यासंगं हे पत्र अन् सुकवलेले मासे पाठवून राह्यलो. मासे आधी बाहेर काढजो, नाई तं तुहे शेजारी पोलीस बोलावतील.

तुही आई बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. पण घरच्या माणसाले खरं सांगाले काय लाज? दादा (तुहा बाप, पण माहा भाऊ आधी) गेल्यापासून वहिनीनं तलावाकडं पाठ केली ते केलीच. किराणा आणाले जायचं तरी तलावाच्या बांधावरून, त्या पाळीवरून, जात नाई, मारुतीच्या मागून चक्कर मारून जाते. दादाचा सारा जनम त्या पाण्यात गेला, आता तिले ते पाणी पाहवत नाई, हे मले समजते. पण आपल्या मच्छीमार सोसायटीचा कायदा तुले मालूम आहे. ज्या घरचं माणूस हंगामात एकदाही पाण्यात उतरलं नाई त्या घरचा वाटा बंद. बुढा असो का सरपंच असो, पाय ओला झाला पाहिजे, मंग खुशाल घरी बस. अन् आपले अध्यक्ष बापूजी त्या कायद्यावर खुडूक कोंबडीसारखे बसून आहेत. तू फोनवर म्हणलं, काका, वाटा सोडून द्या, दिवाळी झाली की आईले पुण्याले नेतो, तिकीट काढलं. तुहा हेतू चांगला आहे, मी कुठी नाई म्हणतो? एकटी बाई, रात्री-बेरात्री पडली-झडली तं पोराले काळजी वाटणारच. पण वाटा गेला म्हणजे वहिनीचं ह्या गावात राह्यलं काय? घराले कुलूप, अन् पुण्यात नवव्या माळ्यावर एक खिडकी. तिथी ती भांडल कोणाशी? म्हणून मी सोसायटीचा सचिव ह्या नात्यानं नाई, दीर ह्या नात्यानं ठरवलं, की आमसभेच्या आधी वहिनीचा पाय ओला झालाच पाहिजे, मंग इकडचं तिकडं होवो.

आता तुह्या मशीनकडं येतो, कारण सारा घोळ तिचाच आहे. तू तलावात तो तरंगता डबा सोडून गेला. तो पाण्यातली हवा मोजते, ढगात, म्हणजे तुह्या त्या क्लाउडात, पाठवते, अन् हवा कमी झाली की आमच्या फोनवर निरोप येते. त्या निरोपायच्या धारेले तू स्ट्रीम म्हणतं, अन् धारेतून पिणाऱ्याले कन्झ्युमर. हे मले चटकन समजलं. नहर एक, अन् ज्याच्या त्याच्या धानाच्या बांधीत जाणारा पाट वेगळा. एक पाट माह्या फोनचा, एक बापूजीच्या, एक त्या पाणी उसळवून हवा भरणाऱ्या चक्राचा. (चक्र बंद आहे. वायर उंदरानं खाल्ली. कळवीन कळवीन म्हणता राहून गेलं, रागावू नोको.) जे समजलं नाई ते हे, की कोणता पाट कोणाचा हे सारं तू एका फाइलीत कोड करून लिहून ठेवलं, अन् फाइलीत लिहिलं तेच खरं, बाकी सारं झूट. आपल्या ग्रामसभेचा ठराव असते तसाच हा ठराव, फरक एवढाच की हा अमलातही येते.

मी डोकं लावलं. वहिनी वाट्यासाठी पाण्यात उतरणार नाई, मानी बाई आहे. पण मासे जिवाले घोर लागून वर तोंड काढून राह्यले म्हणलं, तं तिच्यानं घरात बसवणार नाई. म्हणून तू देलेल्या पासवर्डनं ढगात शिरलो अन् तिच्या फोनचा पाट आपल्या हातानं खोदला. सकाळी पाहतो तं पाट गायब. पुन्हा खोदला, पुन्हा गायब. मले वाटलं हे बापूजीचंच काम. सरळ त्यायच्या घरी गेलो अन् अंगणात उभा राहून जे बोललो ते पत्रात लिहिता येत नाई, अन् त्यायनं जे परत केलं ते आपल्या घराण्यात कोणी अजून ऐकलं नसल. घरी येऊन आठवलं की बापूजीले अजून फोन सुलटा धरता येत नाई, ते ढगात काय शिरतील? मंग तुह्या हापिसातल्या आचलले फोन लावला. (गुणाची पोरगी. आलापल्लीची आहे, काका म्हणून बोलते, मीटिंगमधे जात नाई.) तिनं समजावून सांगितलं. म्हणे काका, रोज पहाटे कोड एक चक्कर मारते. फाइलीत आहे ते ठेवते, नाई ते काढून टाकते. हातानं केलेलं इथी टिकत नाई.

हेमराज, तुले कळून राह्यलं काय? तू पुण्याले बसून रोज पहाटे आपल्या सख्ख्या मायले पुसून राह्यला होता, अन् वरून पोहे खाऊन राह्यला होता! काकूले सांगितलं तं ती म्हणे, शिकून शिकून पोरानं हेच शिकलं काय? मी तुही बाजू घेतली, हे ध्यानात ठेव. म्हणलं त्या लेकराचा काही दोष नाई, त्यानं फाइल लिहिली तवा दादा जिता होता, घरचं एक नाव पुरे होतं. खरंच, दादाचं नाव तिथी अजून तसंच आहे. बंद पडलेल्या फोनवर रोज निरोप जाते. त्या ओळीले मी हात लावला नाई. माह्यानं लावल्या गेला नाई.

मंग म्हणलं, चला, फाइलीतच लिहू. उघडली फाइल. तुह्या मास्तरानं तुले कोड शिकवला पण रीत शिकवली नाई, हे तिथी समजलं. सगळ्यायची नावं कशी? नुसतं डोमा. नुसतं जंगू. अबे, माही माय मेल्यापासून मले कोणी नुसतं डोमा म्हणलं नाई! आता वहिनीचं नाव टाकाले बसलो, तं 'सुगंधा' एवढं लिहून माहं बोटच पुढं सरकेना. माही वहिनी आहे, तिच्या हातचं खाऊन मी मोठा झालो. लिहिलं सुगंधाबाई. बाजूले डोंगेवाला जंगू चहा पिऊन राह्यला होता (आपलाच चहा), तो म्हणे, तिले बाई लावलं तं मले भाऊ काऊन नाई? बरोबर बोलला. जंगूभाऊ केलं. मंग मी डोमाभाऊ झालो. फाइलीत 'बापू' म्हणून एक जण बसले होते त्यायले 'जी' लावला, उगाच सचिवावर ठपका नोको. लग्नाच्या पत्रिकेत देतो तसा सगळ्यायले मानपान देला, चालव म्हणून मशीनले हुकूम सोडला अन् जेवाले गेलो.

आता मले गरीबाले काय मालूम, की तुही मशीन माणसाले फक्त नावानंच ओळखते? नाव बदललं की तिच्या लेखी जुना माणूस मेला अन् कोणी नवाच जन्माले आला. तिनं सारे जुने पाट बुजवले अन् सारे नवे खोदले. अन् नवा पाट पडला नव्या जावयासारखा, म्हणे माह्यासाठी पहिल्यापासून वाढा. धारेत जेवढे जुने निरोप साठून होते (काही ढगाळ हवेतले खरे, काही मी डबा धुवाले बाहेर काढला तवाचे खोटे), ते सारेच्या सारे सगळ्यायच्या फोनात ओतले.

दुपारची जेवणं होऊन गाव आडवं झालं होतं. अन् एकदम घराघरातून फोन बोंबलाले लागले. तलावात हवा कमी. तलावात हवा कमी. थांबतेच कुठी! ना बाप्पा, असा कालवा मी वाघ गावात शिरला तवाही ऐकला नव्हता. साऱ्या गावाची वर्षाची मेहनत त्या पाण्यात, कोण थांबते? जो तो सुटला. कोणी बांबू, कोणी घमेलं, कोणी बादली. बापूजी अंगाले साबण लावून होते, तसेच टॉवेलवर निघाले. तुही काकू भात हालवाचा चाटू घेऊन धावली, अन् पाळीवर मले म्हणते, पाणी हालवायचं आहे ना, मंग चाटूच पाहिजे. जंगूभाऊनं डोंगा लोटला तो स्वतःले खाली अन् डोंग्याले वर ठेवून. चक्र बंद, म्हणून सगळेच पाण्यात घुसले अन् बांबूनं, हातानं, घमेल्यानं पाणी बदडाले लागले. रोहू अन् कतला मासे मजेत होते बिचारे, ह्या लोकायच्या धाकानं मात्र तळाले जाऊन बसले.

अन् त्या गर्दीत, हेमराज, मारुतीच्या मागून नाई, सरळ पाळीवरून तुही आई आली. लुगड्याचा काष्टा मारून धावत आली. मी जागीच थांबलो. मले वाटलं काठावर थबकल, नाई तं परत फिरल. ती थबकली नाई. सरळ कंबरेपर्यंत पाण्यात शिरली अन् माणसायवर वरडली, काऊन रे बावळ्यायहो, उभे काय राह्यले, मासे मेल्यावर हालवता काय पाणी? अन् दोन्ही हातानं असं पाणी उडवलं की बापूजीच्या अंगावरचा साबण पार धुवून निघाला. मंग दमली अन् तिथीच उभी राह्यली. खाली पाण्याकडं पाहून राह्यली. माणसायनं बांबू खाली केले. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावरून फिरवलं, अन् म्हणली, गाळ लय साचला, त्यायले चाललं नसतं हे. बस्स, एवढंच. मी रडलो. लपवाची गरज नव्हती, तसाही सारा ओलाच होतो.

फोन चुप झाल्यावर समजलं की हवा भरपूर आहे अन् निरोप शिळे आहेत. मले ज्या शिव्या पडल्या त्यायची मोजदाद नाई. पण बापूजीनं टॉवेल आवळला अन् सगळ्यायदेखत सांगितलं, सुगंधाबाईचे पाय ओले झाले, मी डोयानं पाह्यलं, वाटा चालू. आमसभेत आता कोणाची बोलाची हिंमत नाई. तेव्हापासून वहिनी रोज पाळीवर येते, गाळावरून जंगूभाऊशी भांडते, अन् जेवण बरं करते.

असो. लहान तोंडी मोठा घास घेतला असल तं काका समजून माफ करजो. आमचा सगळ्यायचा जीव तुह्यात आहे. वेळेवर जेवत जाजो, खुर्चीतून उठून थोडं फिरत जाजो, अन् मासे तेलात खरपूस करजो.

तुझा काका,
डोमाभाऊ (फाइलीतही तेच आहे)

ता. क. खरं काम लिहाचं राहूनच गेलं. आईचं तिकीट रद्द कर. तिले नेऊ नोको. तुही काळजी खोटी नाई, पण तिची काळजी कराले इथी सारं गाव आहे, अन् तिथी तू एकटा, तोही मीटिंगमधे. अन् फाइल पुन्हा पहिल्यासारखी केली तं याद राख.

आणखी ता. क. आचलवर रागावू नोको. तिनं मले आधीच बजावलं होतं, की काका, नावं बदलू नका, सारे पाट नव्यानं पडतील अन् जुने निरोप पुन्हा येतील, पूर्ण गाव धावल. मशीननंही विचारलं होतं, हे सारं मोडून नवं करू काय? मी थोडा वेळ विचार केला अन् हव म्हणलं. जंगूच्या 'भाऊ'चं अन् बापूजीच्या 'जी'चं मानपानाचं निमित्त मंग जोडलं, कोणाले शंका नोको म्हणून. हे वहिनीले मरेपर्यंत कळू देऊ नोको, तुले माही शपथ.

बाबू हेमराज, हे मी लिवते, तुही आई. भाऊजीनं पत्र माशासंगं बांधाले माह्याजवळ देलं, अन् उघडं पत्र मी वाचणार नाई असं त्यायले कसं वाटलं, देव जाणे. त्या मेसेजवर मागच्या हप्त्याची तारीख होती. मले वाचता येते. तारीख पाह्यली, चप्पल काढली अन् धावली. इतक्या दिवसाचं तलावाकडं जाले निमित्तच भेटत नव्हतं. पुण्याले तुले पाहाले येईन, राहाले नाई. अन् भाऊजीले हे सांगू नोको. दोन दिवसापासून मिशीत हासून राह्यले, आपणच लय हुशार वाटते त्यायले, वाटू दे.