अंजनराईची जत्रा थांबवू नये

मी, भिकुबाई अभिमन देवरे, वय ६९, राहणार मौजे उंबरझिरे, ता. शिरपूर, जि. धुळे, शुद्धीत राहून स्वखुशीने हे मृत्युपत्र करते. दबाव आला नाही असं नाही. मी जुमानला नाही. डॉक्टरांनी मला तपासलं आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे, हे मुद्दाम नोंदवते.

१. टेकडीवरची अंजनाची राई सातबाऱ्यावर माझ्या एकटीच्या नावे आहे. ती मी गावाच्या नोंदणीकृत जत्रा मंडळाला देते. दर श्रावणात तिथे झाडांची जत्रा भरते. पाड्यांवरच्या बाया रानभाज्या रांधतात, पोरं पाखरं ओळखतात. ही जमीन विकू नये, गहाण टाकू नये, शेजारच्या दगडखाणीला तर मुळीच देऊ नये.

२. जत्रेत सर्वांना राई दाखवायचा तो जीवराम पावरा. गेल्या वर्षी राईतल्या झाडांच्या बुंध्यांत कोणीतरी विष ओतलं. जीवरामने खाणीच्या माणसांवर तक्रार केली. पंधरवड्यात तो खाणीच्या खड्ड्यात मेलेला सापडला. मध काढायला कड्यावर चढला आणि पाय घसरला, असं कागदोपत्री लिहिलं गेलं. त्याचा मध काढायचा दोर त्या दिवशी माझ्या ओसरीवर होता. तो दोर त्याची मुलगी मयुरी हिला देते. तपासाला कोणी मागितला तर पोच घेतल्याशिवाय हातचा सोडू नये.

३. राहतं घर आणि दागिने मुलगी दिपमाला हिला. जत्रेची मोठी पातेली मंडळाला.

४. पुतण्या कुंदन याला काही नाही. त्याची आई गेली तेव्हा तो दीड वर्षाचा होता, मी वाढवला. आता तो खाणीचा भागीदार आहे. होळीनंतर कागद घेऊन आला.

"मोठी माय, सही करी टाक. झाडंसले कोन ईचारस?"

"मी ईचारस," मी म्हटलं.

तो उठला. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "जीवरामना पाय सरकना, तसा कोनाबी सरकी शकस."

जेवून जा म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही.

५. खाणीकडे मी एकटी कधी जात नाही. तिथे सापडले तर शवविच्छेदन झाल्याशिवाय अग्नी देऊ नये. कुंदनने खांदा देऊ नये.

६. जत्रेच्या आधी मी गेले तरी जत्रा त्याच दिवशी भरवावी. सुतक पाळू नये. दिपमालाने पुढे चालून राई दाखवावी. तिला सगळी झाडं ठाऊक आहेत.

ठिकाण : राहतं घर, मौजे उंबरझिरे
दिनांक : १४ जुलै २०२५
सही : भिकुबाई अभिमन देवरे

साक्षीदार :
१. सारिका किरण बोरसे, शिक्षिका
२. प्रेमकुंवर प्रकाशचंद जैन, किराणा दुकानदार

(दुसरे साक्षीदार लोटन आबा ठरले होते. ते आले, चहा घेतला, रस्त्यावर कुंदनची गाडी उभी दिसली आणि सही न करता मागच्या दाराने गेले. त्यांना कोणी बोल लावू नये. गाडी अजून तिथेच आहे.)