जित्याचा सदरा

८ नोव्हेंबर १९५४

उमरेडला छोटी रेल्वेगाडी सोडली आणि बैलबंडीत बसलो. हातमाग बंद पडल्यापासून भावाच्या घरी तुकडे मोडत होतो; आजपासून मी बाबनरावांच्या वावराचा राखणदार. खांद्याला बंदूक, राहायला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, कुडाची झोपडी, समोर पुरुषभर उंच ज्वारी आणि तिच्यामागे जंगल. खळं होईपर्यंत रानडुकरांपासून अन् हरणांपासून पीक वाचवलं तर नोकरी पक्की आणि गावात खोली. मग वच्छलेला आणता येईल. तिला दिवस गेलेत आणि वहिनी तिला पाणीसुद्धा टोमण्याशिवाय पिऊ देत नाही.

निघताना तिला म्हटलं, आता तरी एकदा माझं नाव घे. पदर तोंडावर धरून हसली. लग्न झाल्यापासून 'अवो'च्या पुढं तिची गाडी सरकलेली नाही. उखाण्यातसुद्धा 'मागाचे धनी' म्हणून सुटली, शालिकराम काही म्हणाली नाही.

११ नोव्हेंबर

गाव म्हणजे नमुन्यांचं दुकान आहे. कुणी नाव विचारत नाही, 'शिकारी' म्हणतात आणि तेही दात काढून. डुकरांनी जंगलाकडची ज्वारी आडवी केली. खाल्ली ती खाल्ली, वर लोळून धांड्यांचा चेंदा केला. उरलंसुरलं हरणांनी खुडलं. बार काढला की पळतात, अन् धूर विरायच्या आत परत हजर. सकाळी बाबनरावांनी चारचौघांत विचारलं, "बंदूक हाय का फुकणी?" सगळे फिदीफिदी हसले. पुन्हा असं झालं तर चालता हो, म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१२ नोव्हेंबर

वावराच्या मधोमध बुजगावणं आहे, अंगात चिंध्या झालेला सदरा. डुकराची नजर मंद पण नाक तिखट, हे या शहाण्यांना कोण सांगणार? त्या सदऱ्याला माणसाचा वासच उरला नव्हता. तो ओरबाडून फेकला आणि माझा घामेजलेला सदरा त्याच्या अंगात चढवला.

दुपारी रुख्माबाई आली. आधीचा राखणदार नत्थूजी वारला, त्याची ही बायको. सदरा त्याचाच होता म्हणे. मातीतून चिंध्या गोळा करत माझ्यावर उखडली. इथं बुजगावण्याला मेल्याचेच कपडे घालतात, जित्याचे कधीच नाही. काहून, विचारलं तर म्हणाली, "मेल्याले घर लागत नाही गा. जित्याच्या सदऱ्याले घर लागते, बायको लागते." मी तिला धुऱ्याबाहेर हाकललं. अडाण्यांचा बाजार!

१६ नोव्हेंबर

सगळ्यांच्या नाकावर टिच्चून जिंकलो! एक कणीस हललेलं नाही. कळप झाडीतून निघतो, वारा नाकात भरला की उलटा फिरतो. बाबनराव स्वतः खोली दाखवायला घेऊन गेले. खिडकी पूर्वेला आहे, वच्छलेला आवडेल. तिला कार्ड टाकलं, चोवीस तारखेला ये. भाऊ उमरेडला बंडीत बसवून देईल.

१९ नोव्हेंबर

बाबनरावांचा कुत्रा रोज माझ्या पायात घोटाळायचा. आज त्यानं माझ्या पायावर तंगडी वर केली. खांबावर करावी तशी. लाथ घातली तर असा दचकला, जणू खांबच हलला.

संध्याकाळी दोन हरणी आल्या आणि माझ्या गुडघ्याजवळचं गवत खाऊ लागल्या. टाळी वाजवली, ओरडलो. मान वर केली नाही. मग बुजगावण्याकडून वारा आला आणि त्या उधळल्या.

काखेत नाक घालून पाहिलं. घामाचा वास नाही. वाळल्या कडब्याचा वास येतो.

२१ नोव्हेंबर

बाबनराव माझ्या पुढ्यातून गेले आणि वावरात माझ्या सदऱ्यात उभ्या असलेल्याला म्हणाले, "काहून शिकारी, उन्हात काहून उभा राहून राहिला?" मी बोंब ठोकली. त्यांनी कान खाजवला.

सदरा काढायला गेलो. काखेत ओला, ताजा घाम. गुंडी सोडली तर आतून ऊब लागली. हात मागं घेतला. मी घाबरलो आहे, लपवून काय उपयोग.

रुख्माबाईला मात्र मी ऐकू येतो. पाय धरले तिचे. जमिनीकडं पाहत म्हणाली, "वास गेला, आवाज गेला. नाव तेवढं राह्यलं तुह्यापाशी. ते गावात कोणाले ठाव नाही, म्हणून त्या बुजगावण्यालेबी नाही. तुह्या घरच्या माणसानं तोंडानं घेतलं त सुटशीन." तूच घे म्हटलं. परक्याचं चालत नाही, म्हणाली. मग तिनं विचारलं, बायको कशी हाक मारते?

'अवो' म्हणते, सांगितलं. ती उठून गेली.

२३ नोव्हेंबर

भूक नाही. कोपरं वाकत नाहीत. वही कुडाला दाबून लिहितो.

डुक्कर झोपडीत आलं — माझ्या मांडीला अंग घासलं, खाज भागेस्तोवर — गेलं.

बुजगावण्याचं तोंड जंगलाकडं होतं. आता वाटेकडं आहे.

उद्या वच्छला — निरोप कुणाबरोबर — रुख्माबाई दार उघडत नाही —

२४ नोव्हेंबर

बंडी आली. उतरली. काखेत गाठोडं, चालताना दमते आहे. एकटीच धुऱ्यावरून —

मी दारात आहे. तिची नजर माझ्यावरून सरकली. दाराच्या लाकडी मेढीवरून सरकावी तशी.

हाक मारली. "अवो! कुठी आहा?"

ओरडतो आहे मी. घशात नुसता कडबा —

ज्वारी हलली. मधोमध बुजगावण्याचा रिकामा बांबू उभा आहे.

"आलो वं," माझ्या सदऱ्यातला तो म्हणाला. माझ्या आवाजात.

हसली ती. पदर तोंडावर — गाठोडं त्याच्या हाती दिलं — पोटावर हात ठेवून काही सांगते आहे त्याला —

वच्छला, लाज सोड. एकदा नाव घे वं, एकदाच. त्याला ओ देता यायची नाही. मी देईन. मी इथं — मी शालि