लांबच्या टोकापासून

तीर्थरूप काकांस,
सा. न.

अवघड तेच आधी लिहिते. आजीच्या शोकसभेसाठी तुम्ही कुणाकडून तरी लिहवून आणलेलं भाषण मी उद्या वाचणार नाही. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून ते माझ्याकडे आलं. पण त्यात ‘बिचारीचा जन्म मातीत गेला’ असं आहे. काका, आजी बिचारी कधी होती?

खुरपणीला ती थेट शेताच्या लांबच्या टोकाला जाऊन बसायची. बायका कुरकुरायच्या, “म्हातारे, जवळचं उरकू दे की आधी.”

“दमाल तेव्हा घराकडे तोंड असू दे, भवान्यांनो,” ती म्हणायची, आणि सगळ्यांच्या पुढे तिचीच ओळ असायची. परीक्षेत मी अवघड प्रश्न आधी सोडवायचे, ते तिचंच बघून.

उद्या मी हेच सांगणार आहे. 

तुम्ही बाहेर पायरीवर चहा पीत बसला आहात. तुम्हाला न सांगता सभेत उभं राहणं मला पटत नाही आणि चिठ्ठी देऊन आत पळणं आजीला पटलं नसतं. म्हणून कागद इथेच ठेवते आणि बाहेर येते.

तुमची पुतणी,
आजीच्या मागच्या ओळीतली