तीळ जाळणार नाही

सांगली, ४ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप आबांस शंभूराजचा शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला आत्यानं माझ्या होणाऱ्या बायकोच्या, राजेश्वरीच्या मानेवरच्या तिळावर बोट ठेवलं, त्या क्षणी माझं डोकंच फिरलं. पोरीची आई कॅन्सरनं गेली, हा तीळ त्याचंच बी, साखरपुड्याआधी चुना-पापडखार लावून जाळा, असं ती भर बैठकीत बोलली. आणि तुमी मान डोलावलीत! बाप गेल्यावर मला वाढवणारे चुलते तुमी. फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

कॅन्सरला चिथावणारा जीन तिळातल्या पेशींत बिघडलेला असतो, हे खरं. त्या वाढायला लागतात. पण मग स्वतःच म्हाताऱ्या होतात आणि वाढ थांबते. तीळ म्हणजे लागलेला ब्रेक, आबा. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिला, काळजीचं काही नाही म्हणाल्या.

रागावलेला, तरी तुमचाच,
शंभूराज

कुंडल, ९ एप्रिल

चि. शंभूराजास अनेक आशीर्वाद.

कालेज अर्ध्यात सोडलंस आणि आता मला जीन शिकवतोस व्हय रं? मी फौजेत ट्रक चालवलाय. ब्रेक कवातरी फेल होतो. तुझी काकी याच रोगानं माझ्या हातावर गेली. तेच तुझ्या घरात बघायची माझ्यात ताकद न्हाई. आत्यानं चुना कालवून ठेवलाय. पोरीला घेऊन ये.

जेवतोस का वेळेवर?

तुझं भलंच बघणारा,
आबा

कुंडल, १७ एप्रिल

तीर्थस्वरूप आबांस सा. न.

एकटाच आलोय. तुमी उसाला पाणी पाजायला गेलाय, म्हणून तुमच्या फौजेतल्या ट्रंकेवर बसून लिहितो.

काकी मलाही आठवते. ब्रेक एखादवेळी फेल होतो, कबूल. म्हणून तीळ जरा बदलला की लगेच डॉक्टरला दाखवू. जाळून टाकला तर बदल दिसणार कशात? आणि ब्रेकच्या भीतीनं तुमी ट्रक चालवायचा सोडला होता काय?

अजून एक. म्हातारी होऊन थांबलेली पेशी भली. पण जागा न सोडता लय दिवस बसून राहिली, तर शेजारच्या पेशींना चिथावते. आपल्या घरात ते खातं आत्याकडं हाय. हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

वाटीतला चुना मोरीत ओतला. साखरपुडा अक्षय्य तृतीयेला, सांगलीत, तिळासकट. साखरेचा पुडा तिच्या हातात तुमीच द्यायचा. न आलात तरी होणारच. पण पुडा द्यायला दुसऱ्या कुणाला उठवणार न्हाई.

तुमच्यावर जीव असलेला, तुमचं न ऐकणारा,
शंभूराज

ता. क. आता उठतो आणि दार ओढून घेतो. कडी घालणार न्हाई.