चार झडपांची खिडकी

अण्णा, कोथरूडच्या घराच्या खिडक्या बदलायच्या आहेत. तुम्ही करून घेतलेल्या. पुढच्या खोलीतल्या चौकटीला वाळवी लागली आहे, बोट लावलं की भुगा पडतो. काल दुकानातून एक बाई आल्या. त्यांनी भिंतीवर एक लाल ठिपका पाडला आणि माप झालं. टेप नाही, कानावर पेन्सिल नाही. "स्लायडिंग घ्या मॅडम," त्या म्हणाल्या. मी तुमच्यासारखं विचारलं, "उघडते किती?" "अर्धी." "आणि उरलेली अर्धी?" "तिच्यामागे ही जाऊन बसते." "म्हणजे पूर्ण खिडकी कधीच उघडत नाही." "पूर्ण कोण उघडतं हल्ली? समोर बघा ना." समोर सात मजले आहेत. तुम्ही घर बांधलंत तेव्हा तिथे ज्वारी होती. सोमवारपर्यंत कळवायचं आहे. तुमचे जावई म्हणाले, "तुझ्या वडिलांची खिडकी आहे, तूच ठरव," आणि पेपर घेऊन आत गेले. त्या खिडकीबद्दल ते सहसा बोलत नाहीत. तिच्यापायी आपल्या मुलीचं लग्न चुकून ठरलं, असं तुम्ही शेवटपर्यंत धरून बसला होतात, हे त्यांना ठाऊक आहे.

घराचा पाया भरला त्या वर्षी तुम्हाला खिडकीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला वारा कुठून येतो हे माहीत असतं. तो घरात कसा घ्यायचा हे माहीत नसतं. शाळा सुटली की तुम्ही पेठांतून हिंडायचात आणि लोकांच्या खिडक्या वहीत काढायचात. एकदा मी बरोबर होते. सदाशिव पेठेत तुम्ही एका घरासमोर उभे आहात, मान वर, वही उघडी. वरून एक गृहस्थ डोकावतात. "काय पाहिजे?" "काही नाही, खिडकी बघतोय." "ती आमची आहे." "हो, कल्पना आहे." "मग झाली असेल बघून." तुम्ही खालूनच नमस्कार केलात आणि वहीत लिहिलंत: झडपा बाहेर उघडतात, पाऊस आत येणार नाही, मालक तापट. आईला हे सगळं अनाकलनीय होतं. तुम्हाला वारा हवा होता, पण रस्त्यावरून कुणाला आतलं दिसायला नको होतं. "त्या माळावर बघायला आहे कोण?" ती म्हणायची. "म्हशी?" तुम्ही म्हणायचात, "आज म्हशी आहेत."

त्याच सुमारास माझ्यासाठी ते स्थळ आलं. आपण तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तिथे माणसं मावायची नाहीत, म्हणून पाहण्याचा कार्यक्रम त्यांच्याच घरी ठरला. आईला ते मुळीच आवडलं नाही. मुलाच्या आईनं केलेले पोहे मुलीनं खायचे, हे तिला उलटं वाटत होतं. आपण माडीवरच्या खोलीत बसलो. तुमच्या समोर ती खिडकी होती. चार झडपा: दोन वर, दोन खाली, चारही वेगळ्या उघडणाऱ्या. खालच्या लावलेल्या, वरच्या सताड उघड्या. वारा येत होता आणि रस्ता दिसत नव्हता. मुलाचे वडील घराण्याची माहिती सांगत होते. तुम्ही बशी खाली ठेवलीत, उठलात, वरची झडप लावलीत, उघडलीत, परत लावलीत. "काही हरवलंय का आपलं?" त्यांनी विचारलं. "वरची झडप किती इंचांची आहे?" "मोजली नाही कधी. आम्ही तिचा उपयोग उघडायला करतो." आईनं पदर ओढून घेतला. मी जमिनीकडे बघत होते. मुलीनं तसंच बघायचं असतं. तेवढ्यात मुलगा उठला, टेबलावरची फूटपट्टी आणली आणि तुमच्या हातात दिली. तुम्ही मोजायला लागलात तेव्हा त्यानं झडप हलू नये म्हणून धरून ठेवली. मी मान वर केली ती तेव्हा.

परत येताना आईनं विचारलं, "मुलगा नक्की काय करतो, ते तरी विचारलंत का?" तुम्ही म्हणालात, "सागवान आहे." पुढे लकडी पुलापर्यंत आई आपल्या दहा पावलं पुढे चालत होती.

फूटपट्टीनं घेतलेलं माप तुम्हाला पुरेना. बिजागऱ्या कशा बसवल्या आहेत ते सुतारानंच बघायला हवं होतं. पण त्याला तिथे पाठवायचं कसं? आधी मुलाकडून काय ते कळणार, मग मुलीकडच्यांनी बोलायचं. मध्येच सुतार कसा जाईल? "थांब," तुम्ही त्याला म्हणालात, "आधी मी त्यांना रीतसर पत्र टाकतो." पत्र तुमच्या हातून लिहून होईना. आणि रविवारी सकाळी सुतार त्यांच्या दारात उभा राहिला. "मुलीच्या वडिलांनी पाठवलंय. माप घ्यायचंय." त्या काळात मुलीच्या घरून कपाट जायचं. सुतार माप घ्यायला आला याचा अर्थ कुठल्याही घरात एकच झाला असता. मुलाच्या आईनं त्याला चहा दिला आणि कपाट कुठल्या भिंतीला लावायचं तेही दाखवलं. बिचाऱ्यानं तीही भिंत मोजली.

संध्याकाळी मुलाचे वडील आपल्याकडे आले. बसलेसुद्धा नाहीत. "आम्ही काही घेत नसतो," ते म्हणाले. "कपाट तर नकोच, जिन्यातून वर चढायचं नाही. पण आपला होकार पोचला. आमचाही आहे." तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही त्यांना साखर दिलीत. काय करणार? घरी चालून आलेल्या सज्जन माणसाला, आम्हाला आपला मुलगा नको, बिजागरी हवी होती, असं तुमच्याच्यानं सांगवलं नसतं. ते गेल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. आई स्टोव्हला जोरजोरात पंप मारत होती. "मी उद्या जाऊन खरं सांगतो," तुम्ही म्हणालात. "त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. तुझं काय?" मी म्हणाले, "चालेल मला." तुम्ही ओट्याला टेकलात. तुमच्या अब्रूसाठी मुलगी गप्प बसली, असं तुम्ही समजलात.

नंतरची बावीस वर्षं तुम्ही त्याची भरपाई करत होतात. मला एम.ए. करायचं होतं तेव्हा सासरी जाऊन तुम्हीच बोललात. माझी मुलगी तान्ही असताना मी नोकरी धरली, तर रोज दुपारी तिला सांभाळायला बसनं यायचात. दर दिवाळीला मला बाजूला घेऊन हळूच विचारायचात, "तिथे बरं आहे ना तुला? खरं सांग." मी म्हणायची, "आहे, ठीक आहे." त्यापेक्षा जास्त कधी म्हणाले नाही. आई मात्र ओट्यापाशी उभी राहून, तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "खिडकीपायी पोरगी दिली." खिडकी उत्तम झाली होती, पण तिच्यासमोर निवांत बसलेलं तुम्हाला मी पाहिलं नाही.

आता ठरलंय ते सांगते. सरकत्या खिडक्या घेते आहे. वरच्या झडपेची कडी काढायला हल्ली स्टुलावर चढावं लागतं, आणि मागच्या महिन्यात तुमचे जावई त्यावरून पडता पडता राहिले. अर्धी उघडेल. तेवढा वारा आम्हा दोघांना पुरेल. तुम्ही रागावला असतात, पण ते मी सोसलं असतं.

दुसरं सांगायला जास्त वेळ लागला. सुतार त्यांच्या दारात गेला त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो आपल्याकडे आला होता. तुम्ही शाळेत होतात, आई भाजीला गेली होती. "अण्णांचं पत्र गेलं का?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "पत्र राहू दे. अण्णांनी जायला सांगितलंय. उद्या नऊनंतर जा, सगळे घरी असतात. मुलीच्या वडिलांनी पाठवलंय, एवढंच सांगा. खिडकीचं काही बोलू नका." मला नीट माहीत होतं काय होईल ते, आणि तुम्ही सुतारालाच उतावळा ठरवाल हेही. तुम्ही मुलाकडे बघितलंच नव्हतं, आणि तिकडून पत्र येण्याची वाट बघण्याचा धीर मला नव्हता. मी खूप सुखात राहिले, अण्णा. ते दिवाळीत एकदा सांगितलं असतं तर तुम्ही सुटला असतात. पण मग मुलीला सांभाळायला रोज दुपारी कोण आलं असतं?

तुम्ही आणि आई आता जिथे आहात, तिथे हे पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. आलेलं पत्र तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवायचात, आणि इतकी वर्षं तुम्हाला ऐकवलेलं सगळं तिनं मला पहिल्यापासून ऐकवलं असतं.